पटाशीची खाच

३ मार्च, मंगळवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. कारणं दोन. पहिलं, डॉक्टरांनी माझं काम आठवड्यातून तीन दिवसांवर आणलं. बत्तीस वर्षं त्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत मी कवळ्या बनवतो आहे. आता लोकांना कवळी नको, हाडात रोवलेला दात हवा, आणि तो बाहेरून तयार होऊन येतो. म्हणजे मंगळवार-गुरुवार मी मोकळा. दुसरं कारण पहिल्याच मोकळ्या दिवशी घडलं.

वेळ जाईना म्हणून संग्रहालयात गेलो. जिन्याच्या डावीकडे काचेच्या पेटीत एक सांगाडा आहे. कुशीवर निजलेला, गुडघे पोटाशी. शाळेत असताना पाहिला होता तेव्हा घाबरलो होतो. आज सवयीने आधी दात पाहिले. ही माझी खोडच आहे, माणूस भेटला की दात आधी बघतो आणि नाव मागून विचारतो. वरच्या दोन मोठ्या पटाशींपैकी डावीच्या धारेला एक खाच होती. अर्धगोल, गुळगुळीत. खाली पाटी: ‘अश्मयुगीन व्यक्ती. दातातील खाच मुद्दाम कानसून केलेली असून ती विधीचा भाग असावी.’

मी मोठ्याने हसलो. रखवालदार वळून बघायला लागला.

विधी कसला डोंबलाचा! ती खाच मी रोज जेवताना समोर बघतो. आमची ही पस्तीस वर्षं शिवणकाम करते. दोरा दातात धरते, टाचण्या दातात धरते, दोरा तोडतेही दातानेच. हिच्या डाव्या पटाशीला हुबेहूब तशीच खाच आहे.

५ मार्च, गुरुवार

हिच्या दाताचं माप घेतलं. ही एका कोटाला अस्तर लावत बसली होती.

“अहो, तोंडात सुई आहे माझ्या.”

“म्हणूनच. सुई कुठे टेकते ते बघायचंय.”

“बघताच आहात तर दातही बघा जरा. गार पाणी प्यायलं की सणक पार डोळ्यापर्यंत जाते.”

खाचेची रुंदी दीड मिलिमीटर, खोली पाऊण. सणक जाते म्हणजे झीज आतल्या थरापर्यंत पोचत आली. फार मोलाची नोंद! पेटीतल्या बाईलाही गार पाणी सोसत नसणार. तिचं नाव मी शिंपीणबाई ठेवलं आहे.

८ मार्च, रविवार

मंडळाची बैठक. आमचं हौशी संशोधक मंडळ म्हणजे सात डोकी. आमच्यातल्याच एका फोटोवाल्याच्या स्टुडिओमागच्या खोलीत, पार्श्वभूमीचे रंगीत पडदे लावलेले असतात तिथेच बसतो. अध्यक्षांना सगळे कप्तान म्हणतात. जन्मभर जहाजावर बिनतारी यंत्र सांभाळलं, टोपी अजून सुटलेली नाही. अश्मयुगातले लोक ताऱ्यांचे नकाशे दगडांवर कोरत, असं त्यांचं म्हणणं. घरी नदीतून उचललेले साडेतीनशे दगड आहेत, सगळे घासून, धुऊन, वर वार्निश मारलेले.

मी खाचेचं सांगितलं आणि कप्तान टेबलावर थाप मारून उठले.

“अरे, याला म्हणतात शोध! चाळीस वर्षं विद्यापीठवाले त्या पेटीभोवती फिरतायत, आणि कवळ्या करणाऱ्या माणसाला एका नजरेत दिसतं! त्यांची दातखीळ बसवू.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी टाळ्या वाजल्याचं शेवटचं कधी ते आठवेना. लग्नात वाजल्या असतील. संग्रहालयाला पत्र मीच लिहिलं, पण ‘आपल्या अज्ञानाकडे लक्ष वेधू इच्छितो’ हे वाक्य कप्तानांचं.

१७ मार्च, मंगळवार

उत्तर आलं. विद्यापीठातल्या एक प्राध्यापकबाई संग्रहालयाच्या हाडांचं काम बघतात, त्यांचं. चार ओळी. ‘आपलं निरीक्षण रंजक आहे. गुरुवारी अकराला या. मापं घेतली असतील तर जरूर आणा.’

रंजक! मी काय जादूचे प्रयोग करतो? पत्र हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, “बोलावलंय ना? मग जा की.” हल्ली ही उजव्या बाजूनेच चावते, पावाची कड काढून ठेवते. चावण्याची बाजू बदलली की झीज कशी बदलते, हे बाईंना सांगायला हवं.

१९ मार्च, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, माझी फजिती झाली तीसुद्धा.

तळघरात लांबट खोली, भिंतभर पत्र्याचे खण. बाई पन्नाशीच्या, केस आखूड, खालचा एक दात किंचित वाकडा. मी हिच्या दातांचा प्लास्टरचा साचा टेबलावर ठेवला. बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि कितीतरी वेळ फिरवून बघत राहिल्या.

“सुंदर काम आहे,” त्या म्हणाल्या. “असा साचा आमच्याकडे कुणाला जमत नाही.”

मग एक खण ओढला. वर पेटीत ठेवली आहे ती नक्कल. अस्सल हाडं इथे, कापूस घालून. आणि एक नाही, त्याच जागी सापडलेली अकरा माणसं. त्यातल्या पाच जणांच्या पटाशीला खाच.

“ही तुमची पेटीतली व्यक्ती.”

“शिंपीणबाई,” मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. “बाई आहे हे कशावरून ठरवलंत?”

“शिवते म्हणून,” मी म्हणालो, आणि म्हणतानाच कळलं की हा काही पुरावा नव्हे. बाईंनी कमरेचं हाड हातात दिलं, कुठला कोन बघायचा ते दाखवलं. तो पुरुष आहे. चांगला चाळिशीचा, उजवा खांदा दणकट.

मला तोंड लपवावंसं वाटलं. पण बाईच पुढे म्हणाल्या, “लाजू नका. ती पाटी माझ्या सरांनी लिहिली. खाचेची बाहेरची कड सरळ दिसली म्हणून ‘कानसून केलेली’. आणि कशासाठी ते कळेना, म्हणून ‘विधी’. आमच्याकडे कळलं नाही की विधी म्हणायची पद्धत आहे. मी पंधरा वर्षं ती पाटी वाचत्ये. एकदाही माझ्या मनात आलं नाही की कुणाच्या घरी जेवणाच्या टेबलावर अशी खाच असेल.”

तीन तास बसलो. भिंगातून दात बघताना आपण कुणाच्या तरी तोंडात डोकावतो आहोत असं वाटत होतं. बाईंना वार्निश मारलेल्या दगडांबद्दल सांगितलं, तर त्यांनी डोळेच मिटले. धारेवर कापलेल्या गवताचा, मांसाचा माग राहतो म्हणे. धुतला की गेला. “पण दगड ओळखून उचलतात ना ते? ती नजर पाहिजे. उचलण्याआधी मला एक फोन केला तर…”

२२ मार्च, रविवार

बैठकीआधीच कप्तानांनी फिल्म करून इंटरनेटवर टाकली होती. ‘संग्रहालयाचं पितळ उघडं.’ पेटीचा फोटो, पाटीवर लाल फुली, माझं पत्र मोठ्याने वाचलेलं. तो पुरुष आहे हे मी सांगायच्या आत दोन हजार लोकांनी शिंपीणबाईला पाहिलंसुद्धा.

खरं लिहायचं तर मला आवडली. तीनदा पाहिली. ‘एका कारागिराने पंडितांना शिकवला धडा’ या वाक्यापाशी दर वेळी थांबवली. हिलाही दाखवली. ही गालावर तळवा ठेवून बघत होती. म्हणाली, “त्या बाईंना विचारलंत का?” माझ्या आनंदात हिला काही रस दिसला नाही.

२४ मार्च, मंगळवार

बाईंचा फोन. वरून हुकूम आला आहे, बाहेरच्या माणसाला तळघरात प्रवेश नाही. पाटी बदलायचा प्रस्ताव त्यांनी शुक्रवारीच दिला होता. आता तो बासनात, कारण बदलली तर फिल्मपुढे नमलो असं दिसेल.

“तुम्ही रागावलात?” मी विचारलं.

“नाही. काम अर्धवट राहिलं, एवढंच.”

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२६ मार्च, गुरुवार

हिचा दात तुटला.

दुपारी सफरचंद खात होती. कापून, फोडी करून, आणि तरी. कट्ट असा आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू आला. धावत गेलो तर ही तोंडावर हात धरून बसलेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. खाचेपासून वर मुळापर्यंत उभी चीर.

“कधीपासून दुखतोय?” मी विचारलं.

हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे आधी आणलं असतं तर दात वाचला असता. बत्तीस वर्षं ज्या खोलीत काम केलं, तिथे मी मान वर करू शकलो नाही. आत्ता ही वही चाळली. पाच तारखेच्या नोंदीत लिहिलं आहे, ‘फार मोलाची नोंद’.

२७ मार्च, शुक्रवार

दात काढला. डॉक्टरांनी ताटलीत ठेवला. मी हळूच म्हणालो, “तो मी घेऊ का? अभ्यासाला…”

“दात माझा आहे,” ही म्हणाली. बोळा दाबून धरलेला, शब्द अर्धे, पण कळले. दात रुमालात बांधून घरी आणला आणि बटणांच्या डब्यात टाकून दिला.

२९ मार्च, रविवार

मंडळात उभा राहिलो आणि सांगितलं: तो पुरुष आहे, तो शिवत होता हे मला माहीत नाही, फिल्म काढून टाका.

कप्तान आधी हसले. मग टोपी काढून टेबलावर ठेवली. “तीन तास खुर्ची दिली, चहा दिला, आणि तू विकला गेलास.”

“कप्तान, माझं चुकलं ते मी सांगतोय. यात विकलं काय?”

“अरे, त्यांना चुकायची परवानगी असते! ते चुकले की ‘मतभेद’. आपण चुकलो की ‘अडाणी’. मी सहा पत्रं पाठवली त्या विद्यापीठाला. नकाशे काढून, हाताने. एकालाही उत्तर नाही. तुला चार ओळी आल्या म्हणून तुला माज आला.”

सहा पत्रांना उत्तर नाही, हे खोटं नव्हतं. मी एवढंच म्हणालो की माझं दुरुस्तीचं पत्र मी आणलं आहे, फिल्मखाली घाला. ते खिडकीबाहेर बघत राहिले. फोटोवाल्याने पत्र उचलून घडी घातली.

संध्याकाळी पाहिलं. फिल्म आहे तशीच आहे. पण माझं पत्र खाली घातलं आहे, पूर्ण, एक शब्द न गाळता. तेच पत्र संग्रहालयालाही टाकलं.

२ एप्रिल, गुरुवार

दुपारी ही घरात नव्हती. गिऱ्हाईकाकडे गेली असेल म्हणून कपड्यांच्या घड्या घालत बसलो. साडेतीनला फोन वाजला.

“तुमच्या मिसेस इथे आल्यात,” प्राध्यापकबाई म्हणाल्या. “दात घेऊन.”

“तिला आत घेतलं?” मी विचारलं.

“त्या बाहेरच्या कशा? त्या पुरावा देणाऱ्या.” बाईंचा आवाज हसरा होता. “तुम्हीही या मंगळवारी. तुमचं पत्र वर पोचलंय.”

ही घरी आली, चपला काढल्या, पाणी प्यायली. गार. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? “तुम्ही मापं घेत बसला असतात,” ही म्हणाली, आणि यंत्रावर बसली.

७ एप्रिल, मंगळवार

मी चुकलो होतो. पुन्हा. पण या वेळी मजा आली.

सूक्ष्मदर्शकाखाली हिच्या दाताच्या खाचेत बारीक ओरखडे दिसतात, केसासारखे, सरळ पुढून मागे. दोऱ्याचे. त्या पुरुषाच्या खाचेतले ओरखडे रुंद आहेत आणि तिरके, बाहेरच्या अंगाला गेलेले. म्हणजे दोरा नव्हे. काहीतरी जाड, चिवट, बाजूला ओढलेलं. साल? लव्हाळ्याची पट्टी? आतडं? बाई म्हणाल्या, “माहीत नाही.” हे दोन शब्द इतक्या आनंदाने म्हणणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. आमच्या धंद्यात ‘माहीत नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक उठून जातं.

ठरलं असं: मी प्लास्टरचा जबडा करायचा. डॉक्टरांच्या बरणीत काढलेले दात पडून असतात, त्यातले चांगले बसवायचे. आणि त्यावरून ओल्या लव्हाळ्याच्या पट्ट्या ओढत राहायचं.

२१ एप्रिल, मंगळवार

एकवीसशे वेळा ओढून झालं. मी ओढतो, बाई मोजतात, मग उलट. खांदे भरून आले. ओरखडे पडले, पण सरळ. तिरके येतच नाहीत. बाई मान हलवतात आणि वहीत ‘नाही’ लिहितात. त्या वहीत मी चोरून पाहिलं, दर पानावर दोन-तीन ‘नाही’ आहेत.

२३ एप्रिल, गुरुवार

आज ही बरोबर आली. दारात उभी राहून पाच मिनिटं आमचा खेळ बघत होती.

“हे असं कोण ओढतं?” ही म्हणाली. “समोर, नाकासमोर? पट्टीला चीर द्यायची तर एक टोक दातात, एक डाव्या हातात, आणि उजवा हात असा बाहेर जातो, कोपर वर. मान आपोआप वळते. बघा.” आणि स्वतःच करून दाखवलं. दात नव्हता तिथे, शेजारच्या दातात धरून. “कापडाची पट्टी फाडताना आम्ही असंच करतो.”

बाईंनी जबडा तसा फिरवून पकडीत बसवला. आठशे वेळा ओढलं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. आधी बाईंनी पाहिलं, मग मी, मग हिने. तिरके ओरखडे, बाहेरच्या अंगाला.

“आणि याचा उजवा खांदा दणकट आहे,” बाई पुटपुटल्या.

मला उडी मारावीशी वाटली. ही म्हणाली, “चला, मला कोट द्यायचाय संध्याकाळी.”

५ मे, मंगळवार

पाटी बदलली. ‘दातातील खाच बहुधा साल किंवा लव्हाळे चिरण्याच्या कामाने पडलेली. अभ्यास चालू आहे.’ कप्तानांना फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, “ती बाई दगड बघेल का?” म्हटलं, वार्निश नसलेले असतील तर बघेल. “वीस-पंचवीस नवे आहेत, अजून धुतलेले नाहीत,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

१२ मे, मंगळवार

हिरडी भरून आली, म्हणून हिचा नवा दात आज बसवला. काढता-घालता येतो. पंधरा दिवस खपलो होतो. रंग शेजारच्या दाताशी असा जुळवला की डॉक्टरांनाही दोनदा बघावं लागलं. धार सरळ, तलवारीसारखी. हिने आरशात पाहिलं, हसली. मग कामाला बसली. पाच मिनिटांत हाक.

“अहो, दोरा धरतच नाही. सटकतो.”

“सवय होईल.”

“सवय दाताला व्हायची की मला? खाच पाडून द्या.”

मी नाही म्हणालो. जन्मात कधी बिघडलेला दात हातून गेला नाही. ही म्हणाली, “बिघडलेला तुमच्या लेखी. मला आत्ता आहे तो बिघडलेला आहे.”

मग बसलो समोर. हिने दोरा धरला, तो कुठे येतो तिथे पेन्सिलची खूण केली. एका हाताने हनुवटी धरली, दुसऱ्या हातात बारीक कानस. दात तोंडातच ठेवून, कारण बाहेर काढला की कोन कळत नाही. दोन ओढी. दोरा लावून पाहिला. “जरा डावीकडे.” आणखी दोन. शेवटची दोन. दोरा टचकन बसला. ही यंत्राकडे वळली आणि मी हातात कानस घेऊन तसाच उभा राहिलो.

बाईंना फोन केला. “तुमच्या सरांची पाटी,” मी म्हणालो. “मुद्दाम कानसलेली. हिला दोरा धरता यावा म्हणून मी आत्ता तेच केलं.”

त्या म्हणाल्या, “गुरुवारी या. दात घालून मिसेसनाही आणा.”

१४ मे, गुरुवार

आधी हिचा नवा दात पाहिला. खाचेत दोऱ्याने काम सुरू केलं आहे, पण बाहेरच्या कडेला, जिथे दोरा पोचत नाही, तिथे कानशीच्या रेषा तशाच आहेत. सरळ, समांतर. मग पाचही जबड्यांच्या त्याच कडा तपासल्या. तिघांत काही नाही. चौथ्यात संशय. पाचवा, पेटीतल्या माणसाचा अस्सल दात. बाईंनी मला बसवलं, स्वतःचा आकडा सांगितला नाही.

“किती रेषा दिसतात?”

“चार.”

“मी तीन धरल्या. चौथी भेग असेल. पण तीन आहेत.” त्यांनी वहीत ‘३’ लिहिलं. “म्हणजे काम करून झिजली हे खरं, आणि कुणीतरी आधी दगडाने सुरुवात करून दिली हेही खरं. एका माणसात तरी. बाकी चौघांचं माहीत नाही.”

तिथूनच त्यांनी सरांना फोन लावला. सर आता शहाऐंशी वर्षांचे. बाई मोठ्याने म्हणाल्या, “सर, त्या पाटीतलं अर्धं बरोबर होतं!” पलीकडून खोल, खरखरीत आवाज मलाही ऐकू आला: “कुठलं अर्धं?”

आम्ही तिघंही हसत सुटलो. हसणं थांबल्यावर ही सूक्ष्मदर्शकावर वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

“एक विचारू?” ही म्हणाली. “आपला दात आपल्याला नाही कानसता येत. कोन दिसत नाही. मग याच्यासमोर कोण बसलं होतं?”

बाई लिहिता लिहिता थांबल्या. “ते हाडांत दिसत नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही दिसत. पण कुणीतरी बसलं होतं.”

बाईंनी वहीचं पान उलटलं, कोऱ्या पानावर हिचं वाक्य हिच्याच शब्दांत उतरवलं, आणि खाली तारीख घातली.